विटांवरची गाडी

४ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. घाबरू नकोस, बाबा ठीक आहेत. माझं पत्र आलं की तू आधी शेवटची ओळ वाचतोस, हे मला माहीत आहे. शेवटी काही नाही, सावकाश वाच.

आमच्या शाळेकडे जाणारी बस एक तारखेपासून बंद झाली. प्रवासी कमी, असं कारण दिलंय. मी इतकी वर्षं त्या बसमध्ये उभी राहून गेले, मला बहुधा कोणी मोजलंच नसेल. शाळा चौदा किलोमीटर लांब. साडेसातला प्रयोगशाळेत पोचून परीक्षानळ्या धुऊन मांडायच्या, आणि दुपारी एकच्या आत घरी येऊन बाबांना जेवण आणि गोळी द्यायची. आता हे पायी कसं जमायचं? म्हणून मी ठरवलंय की जिन्याखालच्या खोलीत पडलेली तुझी मोटरसायकल बाहेर काढायची आणि चालू करायची.

हसू नकोस. चालवायला तूच शिकवलं होतंस. तिसऱ्या फेरीला मी मैदानाच्या कुंपणात घुसले होते, ते विसर. मला लायसन आहे.

तर दोन गोष्टी कर. गाडी तुझ्या नावावर आहे, तेव्हा नाव बदलायचा फॉर्म सोबत आहे, सही करून पाठव. आणि अकरा वर्षं बंद असलेली गाडी सुरू करताना आधी काय करायचं ते लिही.

त्या खोलीला तेव्हापासून कुलूप आहे. तू बाबांना म्हणालास, "आयुष्यभर पेपरातले चौकोन भरत बसलात, दुसरं काय केलंत?" ते म्हणाले, "चालता हो." तू गाडीची किल्ली त्यांच्या ताटाशेजारी टाकलीस आणि खरंच चालता झालास. दोघेही शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी बाबांनी खोलीला कुलूप घातलं आणि दोन्ही किल्ल्या उशीखाली ठेवल्या. त्या दिवसापासून त्यांनी शब्दकोडं सोडवलेलं नाही. तुझं नाव निघालं की अजून भिंतीकडे तोंड करतात.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
टोचन


१७ जानेवारी

चि. टोचन,

अनेक आशीर्वाद. लहानपणी दोरीने बांधल्यासारखी माझ्यामागे फिरायचीस म्हणून हे नाव मी ठेवलं. तुझा स्वभाव अजून तोच आहे, एखाद्या गोष्टीमागे लागलीस की सुटत नाहीस. पण या वेळी माझं ऐक.

गाडी भंगारात दे. अकरा वर्षं पडलेलं इंजिन म्हणजे लोखंडाचा गोळा. पिस्टन चिकटला असेल, टाकीला आतून गंज चढला असेल. मी इथे बर्फाच्या कारखान्यात दिवसभर यंत्रंच बघतो, उगाच बोलत नाही. कुठल्याही मेकॅनिकला ती उघडू देऊ नकोस. ते एक दुरुस्त करतात आणि दोन मोडतात. तू एखादी जुनी स्कूटर बघ, मी हातभार लावतो. कुलूप काढून स्वतः आत जाण्यापेक्षा सरळ भंगारवाल्याला बोलाव, तो जे असेल ते उचलून नेईल.

बाबांना माझा नमस्कार सांग. नको, राहू दे.

दादा


२९ जानेवारी

प्रिय दादा,

भंगारात? तुझी गाडी? हिच्यावर बोट ठेवलं तर तू रुमाल घेऊन धावत यायचास. माझ्या हातापायाची काळजी वाटते म्हणून असं लिहिलं असशील, ते समजलं. पण ऐकलं मात्र नाही.

मी बाबांना म्हटलं, "खोलीची किल्ली हवी. गाडी काढायची आहे." त्यांनी उशीवरून डोकं उचललं, बस्स. मी दोन्ही किल्ल्या काढून घेतल्या.

दादा, दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच उभी राहिले. मला वाटलं होतं, गाडी एका अंगावर कलंडलेली असेल, चाकं बसलेली, सगळीकडे जळमटं. गाडी विटांवर होती. पुढे तीन विटा, मागे चार, दोन्ही चाकं जमिनीपासून बोटभर वर. वर माझा जुना निळा पडदा, चारी टोकांना सुतळीने बांधलेला. तो पडदा मी किती शोधला होता! चाकाच्या तारांना ग्रीस चोपडलेलं, बॅटरी काढून वेगळी कागदात गुंडाळलेली, टाकी कोरडी आणि आतून तेलाचा हात फिरवलेला. गंजाचा ठिपका नाही.

गल्लीच्या टोकाचे पक्कडकाका आठवतात ना? आता गाडीदुरुस्तीचं दुकान बंद केलंय त्यांनी, पण पक्कड अजून खिशात असते. त्यांना आणून दाखवली. ते गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "पोरी, ही गाडी टाकलेली नाही, ठेवलेली आहे. टाकणारा वेगळा, ठेवणारा वेगळा. ज्याने ठेवली त्याने सवडीने, जीव लावून ठेवली."

तू तर रागाच्या भरात दहा मिनिटांत घर सोडलंस. मी कुणाकडे बोट दाखवणार? घरात आणखी एकच माणूस होतं. मी कामाला गेल्यावर बाबांनी एकट्याने, त्या कंबरेने, ती गाडी विटांवर चढवली असणार. तू परत येशील तेव्हा तुझी गाडी तुला धड मिळावी म्हणून. मी जिन्याच्या पायरीवर बसून रडले. सांगायला लाज वाटत नाही.

एक गोष्ट तुला कधी लिहिली नव्हती. तू गेलास त्याच महिन्यात मला नकाशांच्या कचेरीतून बोलावणं आलं होतं. दोन वर्षं प्रशिक्षण, राहायची सोय आणि पुढे नोकरी नक्की. चारशे अर्जांतून नऊ जण घेतले होते. पण बाबा तेव्हा जेवत नव्हते, बोलत नव्हते, भिंतीकडे तोंड करून पडायचे. एक मूल गेलंय, दुसऱ्याने कसं जायचं? मी नकार कळवून टाकला. मधूनमधून चुटपुट लागायची. परवा ती गाडी बघितली आणि वाटलं, बरं झालं आपण राहिलो. इतकं प्रेम करणाऱ्या माणसाला एकटं टाकून गेले असते तर स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं.

आता सुरू कशी करायची ते लिही. आणि फॉर्म?

टोचन


९ फेब्रुवारी

चि. टोचन,

पत्र वाचून डोळे भरून आले. बाबा असं काही करतील असं कधी वाटलं नव्हतं. वरून कठोर, आतून वेगळे. हो, त्यांनीच केलं असेल. दुसरं कोण करणार? आता त्यांना त्यावरून काही विचारू मात्र नकोस. म्हाताऱ्या माणसाला उगाच त्रास.

तुझ्या त्या कचेरीचं मला खरंच माहीत नव्हतं. पण तुझा निर्णय योग्यच होता, हे तूच लिहिलं आहेस.

आता गाडी. घाईने किक मारू नकोस. आधी प्लग काढ आणि हाताने किक दाबत इंजिन आठदहा वेळा हळूहळू फिरव. तेल उडेल, तेव्हा तोंड लांब ठेव. मग इंजिनातलं तेल बदल. कार्ब्युरेटर उघडून जेटची बारीक भोकं तारेने टोचू नकोस, मोठी होतात. पेट्रोलमध्ये भिजवून फुंकर मार. ब्रेकचे लायनर बघ. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या असतील, तर गाडी गिअरमध्ये टाकून क्लच दाबून पुढेमागे ढकल, सुटतील. टायर दोन्ही नवे घे, त्यात काटकसर नको.

इतकं करूनही सुरू झाली नाही तर जास्त मागे लागू नकोस. प्रत्येक गोष्ट सुरू होतेच असं नाही.

फॉर्मवर सवड मिळाली की सही करतो.

दादा


२४ फेब्रुवारी

दादा,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. प्लग काढून इंजिन फिरवलं, तेल उडालं, माझ्या चष्म्यावर आलं. जेट साफ केले, प्लेटा सुटल्या, ठिणगी नीट येत होती, पेट्रोल पोचत होतं. तरी गाडी सुरू होईना. दोन दिवस किक मारून माझी पोटरी लाकडासारखी झाली. गाडी एकदा खोकायची आणि गप्प. पक्कडकाका बाजूला बसून डोकं खाजवत होते. शेवटी त्यांनी सायलेन्सरच्या तोंडावर तळहात धरला आणि मला म्हणाले, "मार." मी मारली. ते म्हणाले, "वाराच येत नाही. हिचं नाक दाबलंय कोणीतरी."

त्यांनी पक्कड आत घातली आणि एक बोळा ओढून काढला. दमट हवा आत जाऊ नये म्हणून असा बोळा घालतात म्हणे. पक्कं जाणणाराच घालतो.

बोळा एका बनियनचा होता. बनियन तुझं आहे. काखेतली शिवण माझी आहे, वेडीवाकडी, पांढऱ्या कापडावर पिवळा दोरा. बनियनच्या आत पेपराचं पान होतं. कोड्याचं पान. उभे शब्द बाबांच्या अक्षरात भरलेले, आडवे रिकामे. वर तारीख नऊ.

आपल्या घरात बाबांचं कोडं पुरं झाल्याशिवाय पेपरला कोणी हात लावायचा नाही, हा नियम. ती सकाळ मला आठवते. बाबा आंघोळीला गेले आणि परत येऊन बघतात तर कोड्याचं पान गायब. त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. माझ्या नावाने शंख केला, मी भाजी निवडायला घेतलं असेल म्हणून. तू दाराशी बूट घालत होतास. वर न बघता म्हणालास, "मी आज बसने जातो, क्लचची वायर तुटलीय." त्या आठवड्यात तू रोजच बसने गेलास. तुमचं भांडण झालं तेरा तारखेला.

पक्कडकाकांनी मला क्लचची वायर दाखवली. जुनी, मूळची, अखंड आहे.

नऊ तारखेला गाडी विटांवर चढली होती, दादा. नऊ तारखेलाच तुला माहीत होतं की तू जाणार आहेस आणि लवकर येणार नाहीस. मग तेरा तारखेला ताटावर काय झालं? आणि प्लगच्या भोकातून तेल ओतलेलं आहे, ते उडेल, हे तुला इतक्या लांबून कसं कळलं? मी तर तुझ्या हुशारीचं कौतुक केलं होतं. पक्कडकाकांना पत्र वाचून दाखवलं होतं.

मी लिहिलं, बाबांनी केलं असेल. तू लिहिलंस, हो.

खरं ते लिही.


२२ मार्च

दादा,

महिना होत आला. पत्र मिळालं नाही असं म्हणू नकोस, पोचपावती माझ्याकडे आहे.

गाडी सुरू झाली. बोळा काढल्यावर तिसऱ्या किकला. अंगणभर पांढरा धूर झाला, शेजारीण पाण्याची बादली घेऊन धावत आली. बाबा खिडकीत बसले होते. आवाज ऐकून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना ती संध्याकाळ आठवली. मी लगेच इंजिन बंद केलं.

रोज शाळेत गाडीने जाते. पोरं बघतात, मास्तर लोक जास्त बघतात.

तुझ्या उत्तराची वाट बघते आहे.


५ एप्रिल

चि. टोचन,

चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं.

हो. गाडी मी ठेवली. इथली नोकरी दोन महिने आधी ठरली होती, तुझ्या वहिनीशीही ठरलं होतं. सांगायला बाबांसमोर तीनदा उभा राहिलो. तुला बाबा माहीत आहेत. त्यांनी अडवलं नसतं. पेपरवरून डोळे न उचलता नुसतं "बरं" म्हणाले असते. त्या "बरं"नंतर माझा पाय दाराबाहेर पडला नसता. आई गेल्यापासून त्या माणसाने आपल्याला कशाला नाही म्हटलं नाही, आणि म्हणूनच आपण कुठे जाऊ शकलो नाही. मला नाही म्हणणारा बाप हवा होता. नव्हता, म्हणून मी एका संध्याकाळपुरता तयार केला. कोड्यावरून बोललो, कारण ते त्यांना कुठे लागेल ते मला माहीत होतं. त्यांनी "चालता हो" म्हटलं आणि माझं काम झालं.

बसमध्ये मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते.

नंतर एकदा खोटं पडलं की ते पडूनच राहतं. दर वर्षी वाटायचं लिहावं. तू लिहायचीस, बाबा भिंतीकडे तोंड करतात, आणि मी पत्र घडी करून ठेवायचो.

बाबांना सांगू नकोस. आता या वयात त्यांना कळलं की मुलाने ठरवून भांडण काढलं, तर ते सहन होणार नाही. पाया पडतो तुझ्या.

फॉर्म सही करून सोबत पाठवतो आहे.

दादा


२० एप्रिल

दादा,

मी सांगितलं.

सूड म्हणून नाही. तुझ्या पत्रात तुला फक्त बाबांना आता काय वाटेल ते दिसलं, इतकी वर्षं काय वाटत आलं ते नाही. अकरा वर्षं हा माणूस समजतोय की आपल्या तोंडच्या एका शब्दाने मुलगा गेला. ते ओझं त्याचं नाही, हे त्याला मरण्याआधी कळायला हवं, असं मला वाटलं. मी तुझं पत्र घेऊन बसले आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

मी वाचून संपवलं. ते म्हणाले, "माहीत आहे."

मी म्हटलं, "काय माहीत आहे?"

"नऊ तारखेला पान शोधायला त्या खोलीत गेलो होतो. गाडी विटांवर होती. पानाचं टोक नळीतून बाहेर आलेलं दिसत होतं. ओढलं नाही. आत सारून ठेवलं."

"म्हणजे तो जाणार हे तुम्हाला आधीच..."

"चार दिवस वाट बघितली, सांगतोय का. त्याला सांगवेना. मग ताटावर तो नको ते बोलायला लागला. म्हटलं, याला निमित्त हवंय. दिलं."

इतकं सलग ते आई गेल्यापासून बोलले नव्हते. मला आधी आनंद झाला. म्हणजे यांना दुःख नव्हतंच! आणि मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. मी विचारलं, "मग जेवण का सोडलंत? इतकी वर्षं भिंतीकडे तोंड कशासाठी? कोडं का टाकलंत?"

ते पांघरुणाची घडी सारखी करायला लागले. मी पुन्हा विचारलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले.

ते म्हणाले, "तुझं ते कचेरीचं पाकीट आलं होतं ना. तूपण गेली असतीस."

मी उठले आणि गॅसवरचं दूध उतरवलं, ते उतू चाललं होतं. मग दूध पेल्यात ओतून त्यांना दिलं. ते प्यायले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळी सहाला गाडी काढली. शाळेचा फाटा आला, वळले नाही. पुढचा नाका, मग पूल, मग मी कधीच न पाहिलेली गावं. गाडी उत्तम चालते, दादा. चढावर दम लागत नाही, ब्रेक नीट लागतात, टाकी भरलेली होती. नव्वद किलोमीटरवर एका झाडाखाली थांबले, तिथेच बसून राहिले. मनात म्हणत होते, काहीतरी बिघडू दे, निदान पंक्चर होऊ दे, म्हणजे आज तरी परत जायला नको. काही बिघडलं नाही. घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, आणि एकची गोळी चुकली की त्यांचे हात थरथरतात. मी गाडी वळवली.

घरी आले तर त्यांनी खुर्ची दारात ओढून घेतली होती. मला म्हणाले, "गाडी बरी चालते का?" मी म्हटलं, "बरी चालते." आणि जेवण वाढलं. त्या दिवसापासून ते पुन्हा कोडं सोडवायला लागलेत. पेन्सिल मागून घेतात.

मी सदतीस वर्षांची आहे. ती कचेरी तिशीच्या पुढचं कोणी घेत नाही. नकाशा काढायला बसले तर हात अजून सरळ रेघ मारतो, हे मी शाळेच्या फळ्यावर बघितलंय.

तुम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द न बोलता किती छान समजून घेत होतात! तुला जायचं होतं, यांनी जाऊ दिलं. यांना कोणीतरी हवं होतं, म्हणून मी. मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतंत तर मी राहिलेही असते, दादा. कदाचित आनंदाने राहिले असते. ते आता मला कधी कळणार नाही, आणि ते तुम्ही दोघांनी माझ्याकडून घेतलंत. मला तुझा राग येतो. त्यांचा जास्त येतो, आणि त्यांना रोज आंघोळ मला घालायची असते.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.


२ मे

माझी लाडकी टोचन,

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी कारखान्यात सुट्टी टाकली. तीनदा वाचलं, तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. दोघंही रडलो. बाबांना सगळं माहीत होतं! त्यांनी मला ओळखलं आणि मोकळं केलं. असा बाप कुणाला मिळतो? अकरा वर्षं छातीवर दगड घेऊन झोपत होतो, तो एका पत्राने उतरला. तुझेही उपकार, तू धीर करून त्यांना सांगितलंस. मी मूर्ख, नको म्हणत होतो.

तू चिडली आहेस ते साहजिक आहे. इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं की असं होतंच. दोन दिवस झोप काढ, बरं वाटेल. आता घरात कुणाच्या मनात काही उरलं नाही, हेच मोठं.

पुढच्या महिन्यात चार दिवसांची रजा मिळते आहे. आम्ही दोघं येतो. गाडीची साखळी जरा ताणून ठेव आणि मागच्या चाकात हवा थोडी जास्त भर. बाबांना मागे बसवून पुलापर्यंत फेरी मारून आणावी असं फार मनात आहे. माझ्या बाजूची खोली आवरून ठेवशील ना? वहिनीला उशी मऊ लागते.

खरं सांगू का, इतकी वर्षं मला आतून काहीही खात असलं तरी एका गोष्टीची काळजी मला कधी वाटली नाही. घरी तू होतीस.

तुझा,
दादा